चिंचेच्या पाण्यातला रुपया

दसरा उलटून दोन-तीन दिवस झाले की तो मेसेज येतोच. जयेशच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, मावसभावंडांचा एक ग्रुप आहे. त्यावर सकाळी साडेसातला, फाफडा-जिलेबीच्या शिळ्या फोटोंच्या मागोमाग, कुणीतरी तो पुढे ढकलतं. जगातलं सगळ्यात महाग नाणं, एका नाण्याला शंभर कोटींहून जास्त रुपये, तुमच्याही घरात असं काही पडलंय का बघा. खाली जोडलेल्या हातांची तीन चित्रं. दरवर्षी तेच नाणं, तोच फोटो, तेच जोडलेले हात. इतरांना दिवाळी जवळ आल्याचं आकाशकंदिलावरून कळत असेल, मला या मेसेजवरून कळतं.

माझी आई आमच्याकडे राहते. तिच्याजवळ बडोदे संस्थानच्या काळातला चांदीचा एक रुपया आहे. दर दिवाळीला तो स्वतः घासून ती लक्ष्मीपूजनाला मांडायची. चार वर्षं झाली, तिनं तो हातात घेतलेला नाही, आणि ते माझ्यामुळे. या दिवाळीला तरी तिनं तो घ्यावा, एवढंच मला हवंय. सांगायला गेलं तर ही काही फार मोठी गोष्ट नाही. मलाही तेव्हा ती मोठी वाटली नव्हती.

बडोद्यातला हा महिना माणसाला एका जागी बसू देत नाही. पाऊस गेलेला असतो, थंडी यायचं नाव घेत नाही, ऊन मात्र वैशाखातल्यासारखं डोक्यावर तापतं. नऊ दिवस गरबा खेळून पायांचे तुकडे पडलेलं शहर दहाव्या दिवसानंतर झाडू घेऊन माळ्यावर चढतं. वासण्यातल्या आमच्या सोसायटीत प्रत्येक गॅलरीत गाद्या लटकतात, डबे आदळतात, रंगवाल्यांच्या शिड्या जिन्यात आडव्या येतात. वारा फिरला की कोयलीच्या रिफायनरीच्या बाजूनं तेलाचा ओळखीचा वास येतो. अठ्ठावीस वर्षं मी तिकडच्याच एका लॅबमध्ये नमुने तपासते आहे. तेलात गंधक किती, पाणी किती, राख किती. दशांश चिन्हानंतर तीन आकडे लिहायची सवय लागलेली बाई मी. ‘अंदाजे’ हा शब्द ऐकला तरी मला अंगावर झुरळ चढल्यासारखं होतं. आणि असल्या बाईनं एका व्हॉट्सॲपच्या मेसेजवर विश्वास ठेवावा, यावर आजही जयेश हसतो. हसू दे. त्याचा तो हक्कच आहे.

रुपया माझ्या पणजोबांना मिळालेला. ते संस्थानच्या घोडदळात होते. कुठल्याशा दसऱ्याच्या स्वारीत तोफा उडाल्या तेव्हा इतर घोडी उधळली आणि आमच्या पणजोबांचं घोडं जागचं हललं नाही, म्हणून त्यांना हा रुपया बक्षीस मिळाला, अशी घरातली कथा. घोड्याला काय मिळालं ते कुणी सांगत नाही. आई म्हणते, ते बहुतेक बहिरं असेल. रुपयाच्या एका बाजूला महाराजांचा चेहरा, दुसऱ्या बाजूला देवनागरी अक्षरं आणि खाली तलवार. चेहरा होता, असं म्हणायला हवं. आता तिथे गालाचा उंचवटा आणि पगडीची कड एवढंच बोटाला लागतं.

हा रुपया आमच्या घरात पुरुषांकडे कधी राहिलाच नाही. पणजीकडून आजीकडे, आजीकडून आईकडे. जुन्या बडोद्यातल्या वाडी भागातल्या आमच्या दोन खोल्यांत तो देव्हाऱ्यामागच्या डबीत असायचा आणि वर्षातून एकदा बाहेर यायचा. धनतेरसच्या दुपारी आई परात घेऊन बसायची. चिंच सकाळीच भिजत घातलेली. तांब्याचा कलश, ताम्हन, समई, निरांजन आणि सगळ्यात शेवटी रुपया. आधी चिंचेच्या पाण्यात, मग चाळलेली राख, मग साध्या पाण्यात, मग जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा. अंगठ्यानं कडेकडेनं गोल, मग मधोमध. चांदीवरच्या काळ्या थराला चिंच फारसं काही करत नाही, काम करते ती राख, हे मी नोकरीला लागल्यावर आईला एकदा सांगितलं होतं. ती म्हणाली, “तुझ्या लॅबीत नसेल करत. माझ्याकडे करते.” तिच्याकडे खरंच करायची. तो रुपया असा काही लखलखायचा की समईच्या उजेडात त्याच्याकडे बघताना डोळे बारीक करावे लागत.

सहा वर्षांपूर्वी बाबा गेले आणि वाडीतल्या खोल्या सोडून आई आमच्याकडे आली. एक ट्रंक, देव्हारा आणि बाबांच्या रुमालात गुंडाळलेला हा रुपया. लेकीच्या घरी राहायला येणं तिच्या पिढीला किती जड जातं हे मला पुस्तकी माहीत होतं. त्यातून जावई गुजराती. जयेश तिला आई म्हणतो, तिच्यासाठी स्वतः सुरती पापडी निवडत बसतो, ती त्याला जयेशराव म्हणते आणि “मजामां ना?” विचारते. दोघांचं उत्तम जमतं. तरी पहिलं वर्षभर ती प्रत्येक गोष्ट विचारून करायची. “फ्रीज उघडू का गं?” “हा पंखा लावला तर चालेल ना?” “टीव्हीचा आवाज कमी करू?” मी वैतागायचे. अगं, घर तुझंच आहे, असं म्हणायचे, आणि ते म्हणतानाच ते तिचं नाही हे दोघींनाही कळायचं. पण धनतेरसला ती कुणालाच काही विचारत नसे. सरळ दिवाणखान्याच्या मधोमध परात मांडायची, आम्हाला पाय उचलून चालायला लावायची, जयेशला “राख नाही घरात? मग दंतमंजन आणा, लाल नको, पांढरं” असं फर्मान सोडायची. वर्षातल्या त्या एका दुपारी ती आमच्या घरात पाहुणी नसायची. हे मला आता लिहिताना नीट दिसतंय. तेव्हा दिसलं असतं तर पुढचं काही झालं नसतं.

चार वर्षांपूर्वीच्या त्या ऑक्टोबरमध्ये मेसेज पहिल्यांदा आला. मी बसमध्ये होते, शिफ्टला निघालेली. वाचलं, हसले, पुढे ढकललं. मग पुन्हा उघडलं. अमेरिकेतलं वीस डॉलरचं सोन्याचं नाणं. पाडलं खरं, पण लोकांच्या हाती द्यायच्या आधीच सरकारनं बेत बदलला आणि सगळी नाणी वितळवायचा हुकूम काढला. त्यातून मूठभर कशीबशी सुटली, त्यांतलं हे एक. म्हणजे ज्या नाण्यानं जन्मात कधी पावशेर भेंडीसुद्धा विकत घेतली नाही, त्याला शंभर कोटी. मी वाचतच गेले. कुठे पहिलावहिला चांदीचा डॉलर, कुठे रोममध्ये एका खुनाची फुशारकी म्हणून पाडलेलं सोन्याचं नाणं. या सगळ्यांत एक गोष्ट समान होती. हौशी माणूस भिंगातून बघतो ते नाण्यावरचे ओरखडे. नाणं जितकं कमी हाताळलेलं, तितकी किंमत जास्त. सोन्याचे पैसे थोडेच, बाकीचे सगळे पैसे कुणाचा हात न लागल्याचे.

त्या दिवसापासून मला चैन पडेना. गंमत अशी, की मला पैशांची गरज नव्हती. असती तर निदान सांगायला कारण तरी झालं असतं. मुलगी नोकरीला लागलेली, घर आमचं, दोघांचे पगार. तरी मी जेवताना उठून फोन बघायचे. लॅबमध्ये एका नमुन्याचे आकडे दुसऱ्यासमोर लिहिले, चोवीस वर्षांत पहिल्यांदा. नोकरी सोडायची, मग काय करायचं? विचार केला तर पुढचं काही सुचेना. शंभर कोटींच्या स्वप्नात मला राहून राहून नवीन वॉशिंग मशीन दिसायचं. माणसाची हाव केवढी आणि अक्कल केवढी! मी हातमोजे घालून नाण्यांबद्दल बोलणाऱ्या एका माणसाचे व्हिडिओ बघायला लागले. नाणं धुऊ नका. घासू नका. ओला हात तर चुकूनही लावू नका. शेवटचं वाक्य तो प्रत्येक व्हिडिओत म्हणायचा. मी ऑनलाइन मागवलेली पारदर्शक पाकिटं आली, सुती हातमोजे आले. आईनं विचारलं, “हे काय?” मी म्हटलं, “लॅबचं आहे.” आईला काही सांगितलंच नाही. सांगायचं काय? तुझा रुपया विकायचा विचार करतेय, हे?

धनतेरसला मी दुपारच्या बसनं घरी आले. दार उघडंच होतं. दिवाणखान्यात मधोमध परात, भोवती वर्तमानपत्रं, कलश आणि समई चकचकीत होऊन उपड्या घातलेल्या. आई मांडी घालून बसली होती आणि तिच्या चिंचेनं माखलेल्या हातात रुपया होता. तिनं माझ्याकडे बघून हसून म्हटलं, “आलीस? बघ, यंदा चिंच सरस मिळाली.”

मी चप्पलसुद्धा काढली नाही. ओरडले. “आई, ओला हात लावू नकोस त्याला!” आणि नुसती ओरडले नाही. पुढे जाऊन तिचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हातानं तिच्या बोटांतून रुपया काढून घेतला. तिची बोटं लगेच सुटली नाहीत. तिनं धरून ठेवलं असं नाही, काय चाललंय हे तिला कळायला वेळ लागला एवढंच. तिच्या दोन बांगड्या एकमेकींवर वाजल्या. चिंचेचं तपकिरी पाणी फरशीवर ठिबकलं. जयेश स्वयंपाकघरातून बाहेर आला आणि दारातच थांबला.

“शुं थयुं?” त्यानं विचारलं.

मी नाण्याकडे बघत म्हटलं, “किमती असेल हा. असा घासायचा नसतो. वाट लागते.”

आईनं माझ्याकडे बघितलं. मग स्वतःच्या हातांकडे. “बरं,” ती म्हणाली. तिनं पदराला हात पुसले, परातीत हात घालून उरलेलं निरांजन घासलं, वर्तमानपत्रं गोळा केली आणि फरशी पुसून घेतली. मी म्हटलं, राहू दे, मी पुसते. ती म्हणाली, “माझंच सांडलंय.”

दोन दिवसांनी लक्ष्मीपूजनाला रुपया विड्याच्या पानावर होता, पण पाकिटात. पूजेआधी आईनं मला विचारलं, “यावर कुंकू वाहिलं तर चालेल ना?” प्लॅस्टिकवर वाहिलेलं कुंकू घसरून पानावर पडलं. जयेश हसला, मीही हसले. आईनं दुसऱ्यांदा चिमूट घेतली आणि या वेळी ती पाकिटाशेजारी ठेवली.

पुढचे पाच दिवस कसे गेले ते विचारू नका. बडोद्यात बेसतं वर्ष, म्हणजे गुजराती नवं वर्ष, झालं की बाजार जो बंद होतो तो लाभपाचमीला उघडतो. मी रोज फिरून यायचे, मांडवीजवळच्या त्या गल्लीत जुन्या नाण्यांचं एक दुकान आहे ते बंदच आहे ना, याची खात्री करून यायचे. लाभपाचमीला कुंकवाची पावलं नुकती काढलेल्या त्या उंबऱ्यावर मी पहिली गिऱ्हाईक. दुकानदार सत्तरीचे, जाड चष्म्यावर आणखी एक भिंग लावणारे. मी हातमोजे घालून पाकिटातून रुपया काढला, तेव्हा ते माझ्याकडे जरा आदरानं बघत होते. भिंग डोळ्याला लावल्यावर तो आदर गेला.

“बेन, मराठी छो?” त्यांनी मान वर न करता विचारलं.

“हो. तुम्हाला कसं कळलं?”

“आ तो घसेलो छे.” आणि मग ते मनापासून हसले. “गुजराती घरनो सिक्को कंकुवाळो आवे, मराठी घरनो घसेलो. हुं आंख बंद करीने कही दउं.” गुजराती घरातलं नाणं कुंकवानं डागाळलेलं येतं आणि मराठी घरातलं घासून गुळगुळीत झालेलं, डोळे मिटून ओळखतो मी, असं त्यांचं म्हणणं. मी विचारलं, न घासलेला असता तर? त्यांनी खांदे उडवले. तलवारीजवळ साल असतं, काही सालांची नाणी मिळत नाहीत, हौशी लोक त्यासाठी बऱ्यापैकी मोजतात. पण इथला आकडाच गेलाय. कदाचित असतं, कदाचित नसतं. चांदीच्या भावानं हवं तर ते घेणार होते. मी नको म्हटलं आणि रस्त्यावर येऊन उभी राहिले. सकाळचे साडेदहा वाजले होते, फटाक्यांचा कचरा अजून पडलेला होता. मला दशांशानंतरचे तीन आकडे काढता येतात, पण पुसलेला एक आकडा कुठल्याही यंत्रावर काढता येणार नव्हता. तीन पिढ्यांच्या बायकांनी मन लावून तो पुसला होता. त्या क्षणी, खरं सांगते, मला त्या सगळ्यांचा राग आला.

घरी येऊन मी आईला म्हटलं, “काही नाही गं, साधाच आहे. आता घास हवा तेवढा.” रुपया तिच्या पुढ्यात ठेवला. ती शेंगा सोलत होती. “असू दे,” म्हणाली, “ठेव तिथे.” मी तो देव्हाऱ्यामागच्या डबीत ठेवला. त्या दिवशी संध्याकाळी तिनं मला विचारलं, “फ्रीज उघडू का गं?” वर्षभरानंतर पुन्हा विचारलं.

पुढच्या वर्षी धनतेरसला तिनं परात मांडली, पण गॅलरीत. कलश, ताम्हन, समई, निरांजन. शेवटी कमरेच्या पिशवीतून दहा रुपयांचं एक नाणं काढलं, भाजीवाल्यानं परत दिलेलं. तेच चिंचेत बुडवलं, पांढरं दंतमंजन लावलं, कडेकडेनं गोल, मग मधोमध. मी म्हटलं, “हे काय? आपला रुपया काढ ना.” ती म्हणाली, “हा घासला तरी चालतो.” आवाजात टोमणा नव्हता. मी कान देऊन ऐकलं, खरंच नव्हता. तेव्हापासून आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला दहाचं नाणं असतं, आणि महाराजांचा रुपया डबीत काळा पडत चाललाय. दुसऱ्या वर्षी मी मुद्दाम तो परातीशेजारी ठेवून गेले. परत आले तेव्हा तो उचलून टीव्हीवर ठेवलेला होता, बाबांच्या रुमालात धरून. तिसऱ्या वर्षी मी माफी मागितली. ती चकित झाली. “कशाबद्दल गं? काय मगजमारी लावलीस सकाळी सकाळी?” माफी मागायलासुद्धा समोरच्याला काहीतरी आठवावं लागतं, नाहीतर त्यानं आठवत असल्याचं कबूल करावं लागतं.

आणि काल पुन्हा धनतेरस. मी रजा टाकली होती. सकाळी चिंच मी भिजवली. दिवाणखान्याच्या मधोमध परात मांडली, वर्तमानपत्रं पसरली, जयेशला पाय उचलून चालायला लावलं. आईला हात धरून आणून बसवलं, तिला आता खाली बसायला वेळ लागतो. तिनं कलश घेतला. मी डबीतून रुपया काढला. चार वर्षांत तो जांभळट काळा झाला होता, पगडीची कडही दिसेना. तो मी चिंचेच्या पाण्यात टाकला आणि अंगठ्यानं चोळायला लागले. जोरजोरात, जसं मी सगळंच करते.

आईचे हात थांबले. मग म्हणाली, “अगं, असं नाही. कडेनं घे. कडेनं गोल.”

“असं?”

“हळू. अंगठा आडवा धर. राख कमी घे... अगं, केवढी ती! जेवायला वाढतेस का त्याला?” ती पुढे सरकली होती. तिचा कलश मांडीवर तिरका झालेला, तिला भान नव्हतं. तिचा उजवा अंगठा नुसताच, हवेत, आडवा होऊन गोल फिरत होता. महाराजांचा गाल वर यायला लागला होता. पाच वर्षांपूर्वीच्या, ती स्वतः घासायची तेव्हाच्या दुपारसारखं वाटलं मला. मी रुपया पाण्यातून काढला आणि तिच्यासमोर धरला.

“घे. मला नाही जमत. तूच कर.”

तिनं हात पुढे केला. खरंच केला. तिची बोटं रुपयाला लागायला वीतभर अंतर राहिलं असेल. मग ती थांबली, हात उलटा-सुलटा करून तिनं बघितला आणि झटकन मागे घेऊन पदर शोधायला लागली.

“थांब गं,” ती घाईघाईनं म्हणाली, “माझे हात ओले आहेत.”

टोमणा असता तर मी तिच्या गळ्यात पडून रडले असते, भांडले असते. पण ती मनापासून पदराला हात पुसत होती, एकेक बोट, नखांच्या कडांपर्यंत. मी चिंचेच्या पाण्यानं ठिबकणारा रुपया धरून बसून राहिले. तिचे हात काही केल्या कोरडे होत नव्हते.